उलटी आग

भिवंडीत कसलं आलंय जंगल, हा प्रश्न नोकरी लागल्यापासून मला विचारला जातोय. पहिल्यांदा तो माझ्या आईनं विचारला. वडिलांचं सगळं आयुष्य लूमवर गेलेलं, आमच्या गल्लीत दिवसरात्र खटखट चालू. त्या गल्लीतल्या मुलीनं वनरक्षक व्हावं हे तिला पटण्यासारखं नव्हतंच. मी तिला एकदा स्कूटीवर बसवून वज्रेश्वरीच्या पुढं घेऊन गेले. गोदामांचे पत्रे मागं पडले, डोंगर दिसायला लागला, तशी ती म्हणाली, "एवढ्यात तू एकटी फिरतेस?" नंतर तिनं तो विषय काढला नाही.

एकटी नसायचे. माझ्याबरोबर एक वनमजूर असायचे. साठीला टेकलेले, डोंगराच्या माथ्यावरच्या पाड्यात जन्मलेले. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे, आणि मूड चांगला असला की बाय. तोडलेल्या सागाचा बुंधा ताजा आहे की आठवड्याचा, हे बोट लावून कसं ओळखायचं, डुकरासाठी लावलेली तारेची फासकी पाचोळ्यात कशी हेरायची, हे त्यांनीच शिकवलं. आमचं बीट, म्हणजे गस्तीचा पट्टा, अभयारण्याच्या हद्दीला लागून. रोजचं काम म्हणजे चालणं. अधूनमधून फोन यायचा, वळ गावच्या कुठल्यातरी गोदामात खोक्यांमागं नाग निघालाय. मग डोंगर सोडून तिकडं पळायचं.

मार्चमध्ये मात्र बाकी सगळं बंद. फक्त आग.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मोबाइलवर आगीचा संदेश आला. उपग्रहाला ठिपका दिसला की तो आम्हाला येतो. आम्ही चौघं पोहोचलो तेव्हा आग उताराच्या पायथ्याकडून वर चढत होती. वारं खालून वर. सागाचा पाचोळा गुडघाभर पडलेला, त्यामुळे जाळ पळतच होता. वर पाडा. पंधरावीस घरं, प्रत्येक घरामागं पेंढ्याच्या गंजी. मधोमध फक्त गुरांची एक आडवी पायवाट होती.

फांद्यांनी झोडपून ही आग विझणार नव्हती. अशा वेळी एक उपाय असतो. पायवाटेच्या खालच्या बाजूनं आपणच आग लावायची. मोठी आग वर येईपर्यंत मधला पाचोळा आपल्या आगीनं खाऊन टाकायचा. समोरासमोर आल्या की दोन्ही विझतात. आम्ही तिला उलटी आग म्हणतो. ती लावायचा निर्णय हजर असलेल्यांत जो वरचा असेल त्याचा. त्या दिवशी वरची मी होते.

काकांनी काडेपेटी काढली आणि थांबले. "मॅडम, येक हाळी देऊन येतो खाली. मोहाचे दिस हायेत. बाया फुलं येचत असतील."

"वेळ नाही, काका."

"दोन मिन्टं."

मी खाली बघितलं. धूर इतका की उतार दिसतच नव्हता. पाड्यात म्हातारी माणसं होती, पाळण्यातली पोरं होती. मी म्हटलं, "दोन मिनिटांत ती इथं येईल. लावा."

त्यांनी काडी ओढली. बाकीच्या दोघांनी पेटत्या फांदीनं पायवाटेच्या कडेकडेनं जाळ ओढत नेला. आमची आग आधी घुटमळली आणि मग मोठ्या आगीनं ओढल्यासारखी खाली धावत सुटली. काही मिनिटांत दोन्ही भिडल्या. मोठा आवाज झाला, आणि मग एकदम काही जळायलाच उरलं नाही. पाडा वाचला होता. आम्ही पायवाटेवर बसून पाणी प्यायलो. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

धुमसणारे ओंडके विझवत आम्ही राखेतून खाली उतरलो. निम्म्या उतारावर एक कोरडी घळ आहे. तिथं काकांना ती दिसली.

काकांच्या थोरल्या भावाची बायको. विधवा होती, एकटी राहायची. नायलॉनची साडी अंगाला चिकटून वितळली होती. डोळे उघडे होते, शुद्धीत होती. काका तिच्याजवळ बसले आणि नुसतं "वयनी, वयनी" म्हणत राहिले. ती म्हणाली, "भावोजी, सावलीत घ्या." तिथं सावली उरलेली नव्हती.

पाड्यातल्या माणसांनी घोंगडीची झोळी केली आणि तिला डांबरीपर्यंत आणलं. अँब्युलन्समध्ये तिच्याबरोबर मी बसले. भिवंडीच्या अलीकडं कंटेनरची रांग लागलेली. सायरन वाजत होता आणि आम्ही जागेवर. तिनं मला विचारलं, "तुमी इझवली ना आग?"

"हो."

"घर ऱ्हायलं?"

"राहिलं. सगळ्यांची राहिली."

तिनं मान हलवली. भिवंडीतून तिला ठाण्याला पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पंचनाम्याला मीच होते. पायथ्याच्या एका मोहाखाली पाचोळा झाडून कडेनं जाळलेला होता. तिथं अर्धी जळालेली केरसुणी आणि एक पत्र्याचा डबा सापडला. फुलं वेचायला जमीन स्वच्छ मिळावी म्हणून बाया असं करतात. म्हणजे आग तिच्या हातूनच सुटली असणार. आग सुटलेली पाहून बाई घराच्या दिशेनं वर पळाली, आणि वरून आमची आली. तिला कोणत्या आगीनं गाठलं, ते राखेवरून सांगता येत नाही. मी घळीपाशी पुष्कळ वेळ उभी राहून बघितलं. खालची राख आणि वरची राख सारखीच दिसते.

आमच्या वनक्षेत्रपाल साहेबांनी चौकशी केली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला समजावलं, "बाईनंच लावली असं लिही. आरोपी मयत. प्रकरण तिथंच मिटेल."

ते मी लिहिलं नाही. गुन्ह्याच्या अहवालात आरोपीच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. तेवढ्यानं मला बरं वाटलं होतं. मग साहेबांनी काकांचा जबाब माझ्यापुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं की आग लावण्यापूर्वी आम्ही तीन वेळा हाका मारल्या, खालून उत्तर आलं नाही. खाली काकांची मोडकी सही.

"तुमच्या जबाबाशी हे जुळतंय ना?" साहेबांनी विचारलं.

माझ्या जबाबात हाकांचा उल्लेखच नव्हता. त्यांनी ती ओळ घातली. मी सही केली.

संध्याकाळी वनचौकीच्या पायरीवर काका बसले होते. मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

ते आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "तुमची नोकरी जाऊन ती येनार हाय का? आन काडी माज्या हातात व्हती, बाय."

पावसाळ्यात तिची मुलगी चौकीवर आली. लग्न होऊन कोन गावात राहते, एका गोदामात पॅकिंगला जाते. सुट्टीच्या दिवशी आली होती, पंचनाम्याची नक्कल हवी होती. मी नक्कल काढून दिली. तिनं ती उभ्यानंच शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "आईनं आवाज दिला नाही का? काका म्हणतो, तुम्ही तीन वेळा हाका मारल्या. माझी आई बहिरी नव्हती, मॅडम."

मी गप्प राहू शकले असते. नाही राहिले, याचं कारण मला अजून सांगता येत नाही. कदाचित ती आवाज न चढवता बोलत होती म्हणून.

"हाका मारल्या नाहीत," मी म्हटलं. "काका मारायला निघाले होते. मी नको म्हटलं."

ती खुर्चीवर बसली. बाहेर पाऊस चालू होता, पत्र्यावर आवाज मोठा होता. मग ती म्हणाली, "हे लिहून द्याल?"

लिहून दिलं असतं तर माझी नोकरी तिच्या हातात. तेवढंच नाही, काकांचा जबाब खोटा ठरणार. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "काकाचं मी बघीन. तुम्ही तुमचं लिहा."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं, सही केली, तारीख घातली. तिनं तो कागद घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला आणि छत्री उघडून गेली.

तिनं तो कागद कुठं दाखवला नाही. आजपर्यंत तरी नाही. पण काकांना तिनं सांगितलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. बुंधा दिसला की थांबायचे, बोट दाखवायचे आणि पुढं चालायला लागायचे. ते निवृत्त होईपर्यंत मी मॅडमच राहिले, पुन्हा बाय झाले नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी कोयता, टॉर्च, शिट्टी असं सगळं टेबलावर मांडलं, रजिस्टरवर सही केली. मी पाया पडायला वाकले तेव्हा ते मागं सरकले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. नातीनं गाडी आणली होती, ते तिच्या मागं बसून गेले.

मी त्यांच्या बाबतीत एक वाईट गोष्ट केली होती, हे मला तेव्हा कळलं. माझं मन मोकळं करायला मी त्यांचं खोटं उघडं पाडलं होतं. ते खोटं त्यांनी माझ्यासाठी सांगितलं होतं. आणि त्या मुलीला खरं कळायलाच हवं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही एकत्र कुठं ठेवायचं ते मला जमलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आग लागली. माझ्याबरोबरच्या नव्या मजुरानं विचारलं, उलटी लावायची का? मी म्हटलं, थांबा. मी शिट्टी फुंकत, हाका मारत जाळाच्या तोंडापर्यंत उतार उतरले, घळी बघितल्या, झाडांखाली बघितलं. कोणी नव्हतं. कडेनं वळसा घालून वर येईपर्यंत वीस मिनिटं गेली होती आणि आगीनं तिकडची पायवाट ओलांडली होती. पाड्यातल्या दोन घरांच्या गंजी जळाल्या, एक गोठा गेला. माणसं आणि गुरं बाहेर काढली होती. गोठ्याचा मालक जळालेले वासे ओढून बाजूला करायला लागला. साहेबांनी मेमो दिला, निर्णयाला विलंब केला म्हणून. मी त्यावर सही केली आणि पंचनाम्यासाठी परत पाड्यात गेले.