अर्थिंगला पाणी

“ह्यात कायतरी काळंबेरं हाय,” असं म्हणत तो आधी वास घ्यायचा. चहाचा, नव्या वायरीचा, लग्नाचं ठरवायला आलेल्या पाहुण्याच्या पेढ्याचासुद्धा. दौंडात माझ्या सायकलच्या दुकानाला लागून त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. गाडी वेळेवर आली तरी त्याला संशय यायचा. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. पण गिऱ्हाइकाचं तोंड बघून नेमकं गाणं लावावं ते यानंच.

दुकानामागं त्याचं घर. त्याची पोर तापानं गेली, आणि तेव्हापासून गाणं लागलं की वहिनी उठून नदीकडे जायच्या. धंदाच गाण्यांचा, त्यामुळे त्या घरात नसायच्याच. “इकून टाकतो समदं,” तो म्हणायचा. “बायको घरात तरी बसंल.”

सत्तरचं दशक सरत आलं होतं. रेल्वे कॉलनीतला एक ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला निघाला आणि जाताना त्यानं याला एक विलायती तबकडी फुकट दिली. फुकट म्हटल्यावर यानं ती दोनदा हुंगली. लावली, तर ढोलकी नाही, पेटी नाही. नुसती यंत्रं घुमतायत आणि एक माणूस इंग्रजीत थंडपणे गातोय. “अर्थिंग गेलं,” म्हणून यानं दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं. घुमणं थांबेना. अँप्लिफायरही उघडून झाला. बिघाड कुठंच नव्हता, तबकडीच तशी होती.

“आवडंल तरी कुनाला हे?” तो प्रत्येकाला ऐकवून तोंडाकडे बघायचा. न्हावी म्हणाला, “बंद करा, पिठाची गिरणी वाटतीय.” वरातीची गाणी निवडायला आलेला राहू गावचा नवरदेव तर उठूनच गेला.

वहिनी मात्र उंबऱ्यात बसून राहिल्या. हा माझ्या कानाला लागला, “उठली न्हाई ती. कायतरी काळंबेरं हाय.”

तबकडी संपली. “परत लावा,” त्या म्हणाल्या. “ह्यात कुनी उगं हसत न्हाई.”

त्यानं सुई उचलून परत ठेवली. पुढं रोज दुकान उघडलं की आधी तीच लागायची. हळूहळू वहिनी लग्नाच्या गाण्यांनाही घरात थांबू लागल्या. धंदा विकायचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

काही वर्षांनी तो गेला. सगळं सामान राहूच्या त्याच नवरदेवानं घेतलं, तो आता मंडपाचा धंदा करत होता. टेंपोत चढवताना ती तबकडी हाती आली, तसं त्यानं तोंड वाकडं केलं. “ही नगं, मावशी. तुमालाच ऱ्हाऊ द्या.”

वहिनींनी ती घेतली आणि नाकाशी नेली.

“फुकट देतोय व्हय? ह्यात कायतरी काळंबेरं हाय,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. पोर गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.