शरणप्पा मिस्त्रींचा पट्टा

अकरा वर्षं हे माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा मनातल्या मनात मी दुसरंच काहीतरी बोलत राहिलो. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा बोललो — आणि ज्यांना सांगायला गेलो होतो त्यांना ते पटलंच नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित त्यामुळंच विश्वास ठेवाल.

मी धाराशिवला घरं बांधतो. दोन मजली, फार तर तीन मजली, नोकरदार माणसं बांधून घेतात तसली. पण गावात माझं नाव झालंय ते घरांमुळं नाही, कामगारांच्या सुरक्षेमुळं. माझ्या साइटवर स्लॅबच्या कडेला कठडा उभा राहिल्याशिवाय वर वीट चढत नाही. बाहेरून जाळी असते. उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात पट्टा असतो, म्हणजे सेफ्टी बेल्ट, आणि त्या पट्ट्याचा हूक कॉलमला बांधलेल्या दोरात अडकवलेला असतो. तो दोर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही. कुणी वापरला तर त्या दिवशी काम बंद. लोक म्हणतात, जरा वेडाच आहे हा, पण याच्याकडं कुणाला साधं खरचटत नाही. बैठकांना बोलावतात, बोलायला लावतात. टाळ्या पडतात.

आणि माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत शरणप्पा मिस्त्री बसलेले असतात.

ते उमरग्यापलीकडचे. घरात कानडी, कामावर मराठी. गिलावा करणारे त्यांच्या हाताचे दुसरे मी पाहिले नाहीत. आता कमरेखाली काही चालत नाही. वर्षातून चार-पाच वेळा मी गाडी घेऊन जातो, त्यांना आणतो, कामगारांसमोर बसवतो. ते बोलतात. फार नाही, चारच वाक्यं. "म्या पट्टा काढून ठिवला हुता. आळस केला. ही बघा माझी गत. तुमी असं करू नगा." दुसऱ्या दिवशी पोरं न सांगता पट्टा घालतात. माझ्या तासभराच्या बोलण्यानं जे होत नाही ते त्यांच्या चार वाक्यांनी होतं.

ते खोटं बोलत नाहीत. त्यांना ते खरं वाटतं. पण ते खरं नाही — आणि ते खरं नाही हे या जगात एकट्या मला माहीत होतं.

सांगतो. सांगायलाच बसलोय ना?

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, एका ठेकेदाराकडं साइट इंजिनिअर. येडशी रोडला ओळीनं सहा घरं चालली होती. पट्टे आणलेले होते, पण ते वापरणारे फक्त शरणप्पा, म्हणून कॉलमला बांधलेला दोरही त्यांचा एकच. बाकीचे त्यांना हसायचे. मिस्त्री परांचीवर चढण्याआधी प्रत्येक बांबू हलवून बघायचे, फळीवर उभं राहून दोनदा टाच आपटायचे, मग पट्टा घालायचे, हूक अडकवायचे, आणि मगच हातात थापी घ्यायचे. त्यांची बायको गौरव्वा खाली माल कालवायची. ती वर बघून विचारायची, "लावला का?" ते हूक वाजवून दाखवायचे. रोज. असा माणूस आळस करेल? तुम्हीच सांगा. ज्यांनी त्यांना एक दिवस जरी काम करताना पाहिलं होतं, त्यांना हा प्रश्न पडायला हवा होता. कुणालाच पडला नाही.

त्या दिवशी दुपारी ठेकेदार घर बघायला गिऱ्हाईक घेऊन येणार होता. पहिल्या घराचा दर्शनी गिलावा संपलेला हवा आणि तिसऱ्या घरावर पाण्याची टाकी चढलेली हवी, असा त्याचा निरोप होता. टाकी ओढायचा दोर कुरतडल्यासारखा झाला होता. नवा आणायला बाजारात माणूस पाठवायचा तर अर्धा-पाऊण तास गेला असता. अर्धा-पाऊण तास! एवढाच वेळ लागला असता.

मी पहिल्या घरावर गेलो आणि शरणप्पांचा दोर कॉलमवरून सोडून घेतला.

ते परांचीवरच होते. म्हणाले, "सायेब, दोर कवा देताव?"

मी म्हणालो, "टाकी चढली की देतो. तुमचा कोपराच राहिलाय, तेवढा उरकून घ्या."

"दोर येऊ द्या की. तवर आत खोलीत करतो."

"मिस्त्री, ठेकेदार येतील आता. दोन हाताचं काम आहे. आणि तो पट्टा काढून ठेवा आधी, नुसता लोंबतोय. कशाततरी अडकून पडाल."

अडकून पडाल — हे माझेच शब्द. त्यांच्या काळजीपोटी बोलल्यासारखे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण साहेब. त्यांनी पट्टा काढला, घडी घातली आणि आतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. खाली गौरव्वा पाणी आणायला गेली होती. तिनं हे ऐकलं नाही, आणि दोर नेताना मला पाहिलं नाही. टाकी ओढणारे दोघं तिसऱ्या घराच्या गच्चीवर, बाकीचे पलीकडच्या घरांत; दोर कुठून आणला हे कुणी विचारलं नाही. म्हणजे कोण उरलं? ते आणि मी.

टाकी वर पोचली आणि आवाज आला. टाकीचा नाही — गौरव्वाचा.

धावत गेलो. फळी सरकली होती. ते वाळूच्या ढिगाजवळ पडले होते. वाळूवर नाही, ढिगाच्या एक हात अलीकडं. डोळे उघडे होते, पण कुणाला ओळखत नव्हते. टेम्पोत घातलं, गौरव्वा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, बाकीचे सगळे मागं चढले. मला म्हणाले, चला. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी साइट बंद करून येतो.

इथपर्यंत जे सांगितलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, तरुण होता, घाई होती, चूक झाली. मीही स्वतःला कितीतरी वर्षं तेवढंच सांगायचो. पण पुढं ऐका.

साइटवर मी एकटा राहिलो. तिसऱ्या घरावर चढलो. टाकीचा दोर सोडला. तो घेऊन पहिल्या घरावर आलो आणि पहिला होता तसा कॉलमला बांधला. दोन गाठी मारल्या, ओढून बघितलं. पट्ट्याला तर हात लावायचीसुद्धा गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं घडी घालून ठेवलाच होता. हे करताना मी घाबरलो होतो का? होतो. पण दवाखान्यात तो माणूस जगतोय की नाही हे ठाऊक नसताना माझे हात नीट गाठ मारत होते.

संध्याकाळच्या आत पोलीस आले. मी दोर दाखवला, पट्टा दाखवला. म्हणालो, "रोज सांगतो घाला म्हणून, ऐकत नाहीत हे लोक." हे लोक! त्यांनी लिहून घेतलं. चूक कामगाराची ठरली. ठेकेदारानं पाठीवर हात ठेवला. शरणप्पांच्या हक्काचं जे काही त्यांना मिळायला हवं होतं, ते त्या एका वाक्यानं गेलं.

त्यांना सोलापूरला हलवलं होतं. महिन्याभरानं भेटायला गेलो. त्यांनी तोंड उघडलं की संपलं, असं वाटत होतं. पण डोक्याला मार लागल्यामुळं तो अख्खा दिवस त्यांच्या आठवणीतून पुसला गेला होता. लोकांनी जे सांगितलं तेच त्यांनी धरलं होतं. मला बघून त्यांनी कसेबसे हात जोडले. "सायेब, माझ्यापायी तुमाला पोलिसाचं तोंड बघावं लागलं. माफी करा."

मी म्हणालो, "असू द्या, मिस्त्री."

असू द्या. मी त्यांना माफ केलं!

पुढचं सगळं — कठडे, जाळ्या, पट्टे, भाषणं — यातून निघालं. लोकांना वाटतं त्या अपघातानं माझे डोळे उघडले. माझ्या नियमांनी कुणाचा जीव वाचला असेल, असेलही. पण मी ते जीव मोजत बसायचो. दर पावसाळ्याआधी दोर बदलताना मनात म्हणायचो, फिटतंय, थोडं थोडं फिटतंय. असं फिटतं का? ज्याचं नेलं तो खुर्चीत बसून माझंच खोटं माझ्यासमोर घोकतोय, आणि मी त्याला गाडीतून घरी सोडतोय.

गेल्या दिवाळीनंतर एकदा त्यांना सोडायला निघालो होतो. गाडीत ते म्हणाले, "सायेब, हल्ली एक सपान पडतंय. तुमी म्हणालाव, पट्टा काढून ठेवा. तुमचाच आवाज. मन कसं असतंय बघा, आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारतंय."

गाडी चालवत होतो. रस्त्यावरची नजर काढली नाही. तेव्हा एकच शब्द पुरला असता — व्हय. मी म्हणालो, "डोक्याला मार लागला की होतं असं. डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घेऊ."

आणि खरंच गोळी बदलून घेतली. आठवण परत यायला लागली होती, ती मी औषधानं दाबली. दोर बांधला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. हे केलं तेव्हा सदतीस.

त्यानंतर झोप गेली, जेवण गेलं. तीनदा गाडी काढली, नळदुर्ग ओलांडलं आणि परत फिरलो. चौथ्यांदा पोचलो. दुपारची वेळ. ते ओसरीवर खुर्चीत, गौरव्वा दाराशी सुपात ज्वारी निवडत बसलेली. मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. दोर, टाकी, काढून ठेवा म्हणालो ते, नंतर मारलेल्या गाठी, ती गोळी. एका दमात. कुठं थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

शरणप्पा हसले. अगदी मायेनं हसले. म्हणाले, "सायेब, लई मोठं मन तुमचं. माझ्या जिवाला लागून राहिलंय, त्ये हलकं व्हावं म्हून सोताच्या अंगावर घेताव. पर म्या असं व्हऊ देणार न्हाय. चूक माझी हाय."

मी शपथ घेतली. पाय धरले — त्या पायांना माझा हात कळलासुद्धा नाही. ते मलाच थोपटत राहिले. मी म्हणत होतो, मिस्त्री, खरं आहे हो. आणि ते म्हणत होते, व्हय व्हय, बसा, पाणी प्या.

मग माझ्या लक्षात आलं, सुपाचा आवाज थांबला होता.

गौरव्वा माझ्याकडं बघत होती. तिला पटलं होतं. पहिल्या वाक्यालाच पटलं असणार — रोज खालून "लावला का?" विचारणारी बाई ती. ती ओरडली नाही. शिवी दिली नाही. उठली, नवऱ्यापाशी गेली, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला. माझ्याकडं वळली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता.

"अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "रोज ह्येंचं अंग पुसताना म्या म्हणलंय — तुमीच वाटोळं केलंव माझ्या जिवाचं. रोज. आन ह्येंनी मान खाली घालून ऐकून घेतलंय."

शरणप्पा तिला कानडीत काहीतरी समजावू लागले. ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडत होती. त्यांना वाटत होतं, ती माझ्या बोलण्याला भुलली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि माझ्याकडं बघून, मीच लाजू नये म्हणून, हसत होते.

मी उठलो. मला कुणी थांबवलं नाही. गाडीत बसलो आणि धाराशिवला आलो.