कागदाचा खालचा तुकडा

माझी नात प्रयोगशाळेत काम करते. धान्याचं काम. ज्वारीचं पीठ पोटात गेल्यावर किती पचतं, किती तसंच खाली उतरतं, असलं काय काय ती मोजत बसते. दर शनिवारी दुपारी ती गारखेड्याला माझ्याकडं येते. येताना कागदांचं भेंडोळं आणते, जगात नवीन काय सापडलं त्याचं, आणि मला वाचून दाखवते. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. मी मेथी निवडत बसते, ती वाचते. कागद इंग्रजीत असतो, ती तिथल्या तिथं मराठी करते.

एकदा तिनं सांगितलं, अशी एक भुकटी निघालीय की तिच्यात डोळ्याला न दिसणारी भोकंच भोकं असतात. वाळवंटात नेऊन ठेवली तरी ती कोरड्या हवेतली ओल धरून ठेवते आणि ऊन लागलं की पाणी सोडते.

मी म्हणलं, "मग आपल्या गल्लीला पोतंभर आण की. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय."

"आजी, अजून लई थोडं निघतं त्यातून. कप-दोन कप समज."

"कपभर बी लई झालं," मी म्हणलं, आणि मेथीकडं बघत राहिले.

दुसऱ्या एका शनिवारी मोडलेल्या हाडात घालायचे खिळे निघाले. हाड जुळलं की खिळा आपोआप विरघळून जातो. मी विचारलं, "माझ्या गुडघ्यात बसवलंय ते बी विरघळंल का गं?" तर म्हणते, "नाही आजी, तुझं जुनं. तू जाशील, ते राहील." बघा. सख्खी नात, आणि बोलणं बघा!

मग पोटातले जंतू आले. आपल्या आतड्यात जंतूंचं गावच्या गाव वसलेलं असतं म्हणे. उपाशी लेकरांच्या पोटात ते गाव नीट वसत नाही, म्हणून नुसतं खायला घालून लेकरू सुधरत नाही. जंतूंनापण त्यांचं त्यांचं द्यावं लागतं. हरभरा, शेंगदाणे, केळं, असलंच आपलं साधं.

वाचून झालं की ती कागद गुंडाळायला लागते आणि मी म्हणते, "खाली काय लिहिलंय?"

"खाली काही नाही. कुणाकुणाचं वाचून लिहिलं त्यांची यादी आहे."

"ती बी वाच."

"आजी, नुसती नावं आहेत गं!"

"असू दे. कागद शेवटपर्यंत वाचावा."

ती हसते आणि वाचते. तिला वाटतं म्हातारीला खूळ आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या लेकीलाही तसंच वाटतं.

खूळ नाही. सांगते काय आहे ते. ह्या थोरलीच्या पाठीवर मला आणखी एक मुलगी होती. सव्वा वर्षाची होऊन गेली. ती माझ्या हातानं गेली का, एवढं मला कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसानं तोंडावर सांगावं, असं पन्नास वर्षं वाटत आलंय. कुणी सांगितलं नाही. सगळे म्हणाले, देवाची मर्जी. मी विचारलंही नाही कधी. भ्याले.

आम्ही तेव्हा फुलंब्रीच्या पलीकडं एका खेड्यात राहायचो. मालक एसटीत कंडक्टर, पैठणला ड्युटी, घरी येणं कधीमधी. घरात मी, माझ्या सासूबाई आणि दोन पोरी. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. मी शाळेत गेले नव्हते. मालकांनी बाराखडी दाखवली तेवढी, बाकीचं मी पुड्यांवर शिकले. वाण्याकडनं हळदीची, चहाची पुडी आली की कागद सोडवायचा, मांडीवर सरळ करायचा आणि एकेक अक्षर जोडत जायचं. जुनी वर्तमानपत्रं, पोरांच्या वह्या, फाटकी पुस्तकं, जे येईल ते. चांगलं असलं तर फडताळात लुगड्यांच्या घडीत जपून ठेवायचं. गावातल्या बायका पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायला लागल्या होत्या. मला लई गर्व होता त्याचा. आता लपवून काय करू.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असंल. घरात अजून रेशनची लाल मिलो ज्वारी होती. उन्हाळ्यात धाकटीला हगवण लागली. पाण्यासारखी. सकाळी चार वेळा, दुपारपर्यंत मोजायचं सोडून दिलं. आत्यांनी चुलीवर मिलोच्या कण्या शिजत टाकल्या, भरपूर पाणी घालून. कण्या खाली बसल्यावर वरची निवळ वाटीत काढली, तिच्यात चिमटीनं मीठ टाकलं आणि गुळाचा खडा विरघळवला. वाटी घेऊन त्या पोरीपाशी बसल्या.

आणि मी कागद घेऊन आले.

कुठल्यातरी घरगुती औषधांच्या पुस्तकाचं पान होतं. जिऱ्याच्या पुडीला आलेलं. मी ते सांभाळून ठेवलं होतं, दोन लेकरांची आई म्हणून. त्यात लिहिलं होतं की मुलाला जुलाब झाल्यास पोटाला पूर्ण विश्रांती द्यावी, दूध, अन्न, पेज बंद करावी.

"आत्या, देऊ नका. बंद करायचं लिहिलंय."

"कुठं लिहिलंय?"

"हे काय, छापलेलं हाय."

"अगं माय, लेकराचं तोंड बघ, कागद काय बघती? जीभ लाकडावानी झाली तिची. आमच्यात चार पोरं ह्याच्यावरच जगली."

"आणि दोन गेली ती?"

असं मी बोलले. त्यांची दोन गेली होती, हे खरं होतं. पण तरी त्या वाटी हातात धरून बसल्याच होत्या. मग मी म्हणलं, "तुम्हाला वाचता येतं का?"

आत्यांनी वाटी खाली ठेवली. मी ती उचलली आणि ओतून दिली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी पोरीला काही दिलं नाही. पाणीसुद्धा नाही. पेज बंद, दूध बंद, म्हणजे पाणी पण बंद, असा मी माझा अर्थ लावला. ती आधी रडायची, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. मग रडायची थांबली आणि जीभ ओठावरनं फिरवायला लागली. चट् चट् असा बारीक आवाज. मी तिचे लंगोट धुऊन आले, पदर ओला झाला होता, तर तिनं तो पदर तोंडात धरला आणि चोखायला लागली. मी तो काढून घेतला. हळूच काढला, मारून-ओढून नाही. तिचं भलंच करत होते ना मी.

तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपली तेव्हा दुपार कलली होती. ओढ्यापर्यंत पोचलो. तिथनं माघारी आलो.

चार-सहा दिवसांनी मी ते पान पुन्हा काढलं. रागानं काढलं होतं, चुलीत घालायला. तेव्हा नीट बघितलं. पानाचा खालचा अर्धा भाग फाटलेला होता. वाण्यानं पुडीपुरता फाडला होता. आणि वरच्या तुकड्यातला शेवटचा शब्द होता 'मात्र'. त्याच्यापुढं काही नाही. मात्र काय? मात्र पाणी द्यावं? मात्र तान्ह्या लेकराला उपाशी ठेवू नये? मी वाण्याकडं गेले, त्याच्या रद्दीच्या ढिगात दोन दिवस बसले. तो म्हणाला, "बाई, लेकरू गेल्यानं डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या, घरी जावा."

त्यानंतर एक-दोन उन्हाळे गेले असतील, गावात सरकारी नर्सबाई आली. चावडीवर बायका जमवल्या आणि तांब्याभर पाण्यात साखर किती, मीठ किती ते करून दाखवलं. लेकराला हगवण लागली की हे पाजत राहा, थांबू नका. आत्या पुढंच बसल्या होत्या. मी त्यांच्या मागं. नर्सबाईनं विचारलं, "समजलं का आजी?"

"व्हय माय, समजलं," आत्या म्हणाल्या.

त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं नाही. घरी येताना वाटेत बघितलं नाही. पुढं पंधरा वर्षं त्या जगल्या, एका शब्दानं मला कधी बोलल्या नाहीत. पण कण्या त्यांनी त्या घरात पुन्हा शिजवल्या नाहीत. मला त्यांची शिवी परवडली असती.

आणि पोरीच्या जिभेचा तो चट् चट् आवाज काही गेला नाही. कुत्रं पाणी पिताना येतो. नळ गळत असला की येतो. नात वाचताना बोट जिभेला लावून कागद उलटते, तेव्हा येतो. "बोट लावू नको गं," मी तिला म्हणते, तिला वाटतं मी स्वच्छतेचं सांगते.

मागच्या हिवाळ्यात ती आली तेव्हा कागद आणले नव्हते. म्हणाली, आज माझ्याच कामाचं सांगते. त्या मीठ-साखरेच्या पाण्यात ज्वारीचं पीठ घालून ती काहीतरी बघत होती. पिठातला थोडा भाग वर पचत नाही, खाली मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो खातात आणि त्यातून जे होतं त्यानं आतडं पाणी आत ओढायला लागतं. तांदळावर, मक्यावर लोकांनी आधी केलंय, ती आपल्या ज्वारीवर करत होती. सांगताना हातवारे करत होती, चहा गार झाला. मग एकदम म्हणाली, "आजी, तुमच्याकडं पोरांना हगवण लागली की काय द्यायचे? ज्वारीचं काही?"

"काय नाय," मी म्हणलं. "काय द्यायचे? काय नाय द्यायचे."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. 'काही नाही' असंच लिहिलं असणार. आत्यांच्या नावावर मी खोटं लिहवून घेतलं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. नळाला पाणी आलं त्या दिवशी हंडे भरता भरता मी स्वयंपाकघरात खाली बसले. सगळीकडं तोच आवाज.

शनिवारी ती चप्पल काढते न काढते तोच मी विचारलं, "ते मीठ-साखरेचं पाणी कधी सापडलं?"

"म्हणजे?"

"कधी सापडलं? बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर?"

ती जरा बावरली. "आधी, आजी. डॉक्टर लोकांना आधीच कळलं होतं. बांगलादेशाच्या लढाईत छावण्यांमध्ये वापरलं. पण खेड्यापाड्यांत पोचायला वेळ लागला. का गं?"

मग मी सांगितलं. सगळं. वाटी, कागद, पदर, 'मात्र'. तिला मावशी होती हे तिला ठाऊक होतं, आजारी पडून गेली एवढंच. ती माझ्या शेजारी येऊन बसली नाही, समोरच बसून राहिली. मला ते बरं वाटलं.

"आता तू शिकलेली आहेस," मी म्हणलं. "त्या खालच्या तुकड्यावर काय असंल?"

"नाही सांगता यायचं. तेव्हा काही पुस्तकं पाणी द्या म्हणायची, काही उपास घाला म्हणायची. डॉक्टरसुद्धा म्हणायचे. तू एकटी नव्हतीस."

"ते मला नको. निवळ दिली असती तर जगली असती का?"

ती म्हणाली, "आजी, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. कोणता जंतू होता, किती पाणी गेलं होतं, काही माहीत नाही. पण द्यायला पाहिजे होतं. पणजीचं बरोबर होतं."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असं सरळ बोललं. मी रडले नाही. मी म्हणलं, "वही काढ."

तिनं काढली. "काय लिहू?"

"कण्यांची निवळ, मीठ, गूळ. मीठ किती ते मला माहीत नाय, त्या चिमटीनं टाकायच्या. मी विचारलं नाय कधी. माझ्या सासूचं म्हणून लिही. आणि खाली लिही, सुनेनं ओतून दिलं."

"आजी, असलं नसतात लिहीत त्यात."

"मग तू नको लिहू. मी लिहिते."

म्हणून हे मोठी मोठी अक्षरं काढून लिहायला बसले. लोक म्हणतात सांगून टाकलं की छाती हलकी होते. माझी काही झाली नाही. उलट लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट वर आली, जी मी इतकी वर्षं कुठं दडपली होती कोण जाणे. ती निवळ मी मोरीत ओतली नव्हती. दारात शेळी बांधलेली होती, तिच्या पुढ्यातल्या घमेल्यात ओतली, वाया कशाला घालवायची म्हणून. शेळीनं ती आवाज करत प्याली, घमेलं चाटून पुसून घेतलं. पोरगी तेव्हा माझ्या कडेवर होती. ती मान वळवून शेळीकडं बघत होती.