खुर्चीच्या हातांवरच्या गाद्या

"चला, उठतो," म्हणून आबा दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर रोवायचे आणि खरंच उठायचे. वीतभरच. नवखा माणूस दचकून त्यांना धरायला धावायचा, कारण आबांचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून नव्हते. आबा क्षणभर तसेच अधांतरी थांबायचे, मग सावकाश खाली बसायचे आणि चाकं वळवून घराकडं निघायचे.

त्या वर्षांत तुम्ही शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरला असाल, तर समोरचं माझं सीटा शिवायचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं नसेल तरी काही बिघडलं नाही, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. ट्रकच्या, जीपच्या, ट्रॅक्टरच्या फाटक्या सीटा, काथ्याचा ढीग आणि दाभण घेऊन वाकून बसलेला मी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दमलेलं असायचं. सगळ्यांचं मागणं एकच, जरा मऊ करा.

आबा रेल्वेतले. दौंडच्या यार्डात डबे जोडायचं काम करत होते, तिथंच पाय गेले. दवाखान्यातून घरी आले ते या चाकाच्या खुर्चीसकट. मग दौंडची खोली सोडून ते आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको, शिरूरला आबांच्या वडिलांच्या घरी राहायला आले, विहाराच्या मागच्या गल्लीत. मुलगी मात्र दौंडलाच दिलेली. ती दर भेटीत म्हणायची, आता आमच्याकडंच येऊन राहा, जावईही उचलून ठेवायला तयार आहेत. आबांना नेमकं तेच नको होतं. अंघोळीच्या पाटावर, खाटेवर, खुर्चीत, जिथं जायचं तिथं ते आपल्या हातांनी जायचे. मावशीचं काम एवढंच, की चाकामागं वीट लावायची आणि बाजूला व्हायचं.

पहिल्यांदा ते दुकानात आले तेव्हा खुर्चीच्या हातांवरच्या गाद्या पार फाटल्या होत्या. खालची फळी चिरली होती आणि तिची कुसळं तळहातात जात होती. मी "जय भीम आबा" म्हणून हात पाहिले आणि मला कळवळा आला. जीपच्या सीटसाठी ठेवलेला चांगला फोम काढला, वर गुळगुळीत रेक्झीन चढवलं आणि पावासारख्या फुगलेल्या दोन गाद्या बसवून दिल्या. आबांनी दाबून पाहिल्या आणि चाकं वळवली. मी आपला दिवसभर खुशीत होतो.

दोन-तीन दिवसांनी ते परत आले. कपाळावर टेंगूळ होतं. रात्री खाटेवर जायला जोर केला तर फोम खाली बसला, रेक्झीनवरून तळहात सटकला आणि ते खुर्ची-खाटेच्या मधे पडले. मावशी उचलायला गेल्या आणि त्यांचीच कंबर धरली. शेवटी शेजारचे दोघे बोलवावे लागले. हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. शेजारचे आले एवढंच सांगताना त्यांचा आवाज उतरला.

"मऊ नको," ते म्हणाले. "मऊवर जोर लागत न्हाई. हाताला लागलं तरी चालंल, पर खाली काय तरी हाय असं वाटलं पायजे."

मग आम्ही दोघांनी मिळून गाद्या केल्या. बाभळीची फळी, तिच्यावर ठेचून ठेचून भरलेला काथ्या, वर गोणपाट आणि सगळ्यात वर ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचा खरबरीत तुकडा. मी दाभणानं टाके आवळायचो आणि आबा मुठीनं ठोकून सांगायचे, अजून भरा. इतकी कडक गादी मी जन्मात कधी शिवली नव्हती. जीपवाल्याला दिली असती तर त्यानं माझ्या डोक्यात घातली असती. आबांनी तिच्यावर तळहात रोवले, अंग उचललं आणि वर असतानाच माझ्याकडं बघून हसले.

वर्षातनं एकदा-दोनदा ते मुलीकडं जायचे. खुर्ची एसटीच्या टपावर जायची. टपावर गाद्यांची वाट लागू नये म्हणून माझ्याकडून त्या खोलून घ्यायचे आणि मांडीवर ठेवायचे. शेजारच्या माणसाला वाटायचं, लेकीसाठी काहीतरी खाऊ चाललाय. गाडीत चढताना उलटे पायरीवर बसायचे आणि हातांवर अंग पेलत एकेक पायरी वर सरकायचे. ओळखीचा कंडक्टर तोवर घंटी मारत नसे. कुणी मदतीला आलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, सवय हाय."

मुलीकडं राहायचं कधी, असं मी एकदा विचारलं होतं. हात थकतील तेव्हा, असं ते म्हणाले होते. त्यांचे हात बघून मला वाटलं होतं, ही वेळ काही यायची नाही.

चार-पाच वर्षं अशी गेली. त्या गाद्यांवर आबांच्या तळव्यांचे खळगे पडले, तरी त्या उसवल्या नाहीत. अलीकडं ते दुकानात आले की "चला, उठतो" म्हणायचे, पण वीतभराचं चार बोटं झालं होतं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करत होतो. तुम्हीही तेच केलं असतं.

आणि एक दिवस मावशी एकट्याच आल्या. पदराखाली त्या दोन गाद्या होत्या. त्यांनी त्या माझ्यासमोर ठेवल्या.

"आता मऊ करा," त्या म्हणाल्या.

मी जुन्या गाद्या बाकाखाली सरकवल्या आणि नव्या करायला घेतल्या. फोम होता, रेक्झीन होतं, हात सरावलेले होते, तरी ते काम मला फार जड गेलं. त्याच आठवड्यात आबा दौंडला मुलीकडं राहायला निघाले. मी आणि कंडक्टरनं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. उचलताना ते म्हणाले, "जड न्हाई मी. भिऊ नका." खरंच जड नव्हते. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीशी उभा होतो, पण ते दुसरीकडंच बघत बसले.

पावसाळा सरल्यावर मावशी शिरूरला आल्या, घरातलं सामान आवरायला. आबा गेल्याचं मला तेव्हा कळलं. त्यांनी पिशवीतून मी केलेल्या मऊ गाद्या काढल्या. म्हणाल्या, कुणाच्या तरी कामाला येतील, नव्याच आहेत. मी हातात घेऊन पाहिल्या. रेक्झीनवर एक सुरकुती नव्हती. फोम दुकानातून गेला तसाच फुगलेला होता.

"त्यांनी हात ठिवलाच न्हाई त्याच्यावर," मावशी म्हणाल्या. "मांडीवरच ठिवायचे. म्या किती येळा उचलून ठिवला, परत काढायचे."

मग त्यांनी विचारलं, जुन्या आहेत का. मी बाकाखालून काढून दिल्या. धूळ झटकायला गेलो तर त्यांनी झटकू दिली नाही, तशाच घेतल्या.

दौंडची गाडी यायला वेळ होता. मावशी समोर स्टँडच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. सामानाचं बोचकं खाली ठेवलं आणि गाद्या मांडीवर घेतल्या. मी दाभण हातात धरून बघत राहिलो. गाडी लागली तेव्हा त्यांनी गाद्या दोन्ही बाजूंना बाकड्यावर ठेवल्या, एक तळहात एका खळग्यात टेकवला, दुसरा दुसऱ्यात, आणि कंबर सांभाळत उठल्या.