किल्लीवाल्यांचा लांबचा नंबर

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे पडद्याआड लांबट खोली, खोलीच्या टोकाला अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "डोळे बारीक करायचे नाहीत." घरीही सवय सुटत नसे. माझे वडील पेपर लांब धरून वाचायला लागले की ती म्हणायची, "दादा, हात पुरेनासे झाले की मग येणार का दुकानात?"

लग्नाचा विषय निघाला की सांगायची, "समोरचा माणूस मला तक्त्यावरच्या अक्षरासारखा दिसतो. वाचता येतो, पण वाचून पुढे काय?" आजीने शेवटी नाद सोडला.

एकदा सकाळी दुकानाच्या शटरचं कुलूप अडकलं आणि कोपऱ्यावरच्या टपरीतल्या किल्लीवाल्यांना बोलावणं गेलं. त्यांनी कुलूप नाकाजवळ धरलं, तार घातली आणि चुटकीसरशी उघडलं. मग वळून रस्त्याकडे बघत उभे राहिले. डोळ्यांच्या नुसत्या फटी, एक भुवई खाली, तोंडात काडी.

"डोळे दुखतात का तुमचे?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग बारीक का करता?"

काडी या गालातून त्या गालात गेली. "सिनेमा बघितल्यापासून सवय लागली."

मग सगळं बाहेर आलं. थिएटरच्या मागच्या दाराचं कुलूप दुरुस्त करायला ते गेले होते. काम झाल्यावर मॅनेजर म्हणाला, बसा, बघून जा. गोष्ट काउबॉयची, पण सिनेमा काढणारे इटलीचे, म्हणून त्याला तिथल्या स्पॅगेटी नावाच्या शेवयांवरून स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. किल्लीवाल्यांना भाषा कळली नाही. पण एक माणूस घोड्यावरून उतरला आणि नुसता बघत उभा राहिला. अख्खा बाजार आपोआप बाजूला झाला.

"आणि बाई, मी कामाचे पैसे मागायला गेलो तर माझ्यासाठी खुर्चीसुद्धा कुणी सरकवत नाही," किल्लीवाले म्हणाले. "तेव्हाच ठरवलं, आपण असं बघायचं."

"त्या माणसाला नंबर असणार," आत्या म्हणाली.

"छे! लांबून गोळी झाडून टोपीला भोक पाडतो तो."

"बघायला लागेल."

निव्वळ धंद्याची बाब म्हणून आत्या रविवारी त्यांच्याबरोबर दुपारच्या खेळाला गेली. किल्लीवाले सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले. "इथूनच बघायचा असतो," त्यांनी समजावलं. मान वर करून आत्या बघत राहिली. बराच वेळ पडद्यावर कुणी बोललंच नाही. धूळ उडाली, दार करकरलं, कुणीतरी थुंकलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून कान किटलेल्या आत्याला वाटलं, काय ही सभ्य माणसं! बाहेर आल्यावर नटाच्या नंबरचं तिच्या लक्षातही नव्हतं. "पुढच्या रविवारीही हाच आहे का हो?" तिने विचारलं.

पण पहिली रांग तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने किल्लीवाल्यांना खुर्चीत बसवलंच. "डोळे बारीक करायचे नाहीत. तक्त्यावरचं वरचं अक्षर वाचा."

किल्लीवाल्यांनी डोळे मोठे केले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "तक्ता कुठे आहे?"

नंबर निघाला तो चांगला भरभक्कम. जन्मभर हातातल्या किल्लीवर काम, ती स्वच्छ दिसायची. त्यापलीकडचं जग सगळ्यांनाच असं धूसर दिसतं, असा त्यांचा समज होता.

पुढच्या रविवारी चष्मा लावून ते पुन्हा तोच सिनेमा बघायला बसले, या वेळी मधल्या रांगेत. घोड्यावरून तो माणूस उतरला आणि किल्लीवाले मोठ्याने म्हणाले, "अरेच्चा!"

"काय झालं?"

"हा तर डाकूंचा म्होरक्या!"

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, शेवटी जिंकतो तो हाच! दोघांच्याही टोप्या सारख्या, दोघांचीही दाढी वाढलेली, दोघेही धुळीने माखलेले... मला काय कळणार?"

मागून शुक्-शुक् झालं. शेवटी गोळी सुटली आणि किल्लीवाल्यांचा माणूस आडवा झाला. ते चेहरा पाडून घरी गेले.

नंतर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. आत्या चार दिवस वाट बघून एक कुलूप घेऊन टपरीवर गेली. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "याला काहीच झालेलं नाही."

"माहीत आहे. मी म्होरक्याबद्दल बोलायला आलेय."

"त्याची नजर चांगली होती हो," किल्लीवाले हळूच म्हणाले. "धंदा वाईट."

"तुम्ही नजर घेतलीत. धंदा कुठे घेतलात?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "एक बरं झालं. आता तुम्ही लांबून येताना दिसता. आधी एकदम समोरच उभ्या असायच्या. काय बोलायचं ते ठरवायला वेळच मिळायचा नाही."

"मग आज काय ठरवलंत?"

जे ठरवलं होतं ते ऐकून आजीने आधी देवाचे आणि मग त्या अडकलेल्या कुलपाचे आभार मानले. किल्लीवाले माझे आत्तोबा झाले.

आता दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे असल्या सिनेमांची शौकीन मंडळी जमतात. नव्या माणसाने आपण या सिनेमांच्या नादी कसे लागलो ते आधी सांगायचं. पोस्टमन स्पॅगेटी हा शब्द वाचून स्वयंपाक शिकायला मिळेल म्हणून गेला होता. नर्स सुट्टीच्या दुपारी थिएटरात पंख्याखाली झोपायला शिरली, गोळीबाराने जागी झाली आणि जखमी माणसाला कुणी साधी पट्टीही करत नाही म्हणून संतापून शेवटपर्यंत बसून राहिली. आत्तोबा एवढंच सांगतात, "कुलूप दुरुस्त करायला गेलो होतो." बाकीचं आत्या सांगते.

गेल्या शनिवारी आत्तोबांचा तो म्होरक्याचाच सिनेमा लावला होता. शेवटची चकमक जवळ आली आणि आत्तोबा चहा टाकायला उठले.

"बसा की!" पोस्टमन म्हणाला. "आता तर खरी मजा."

"तुम्ही बघा. मला तो पडताना बघवत नाही."

ते स्वयंपाकघरात गेल्यावर आत्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"अहो, काही ऐकू येत नाहीये!" नर्स ओरडली.

"ऐकायचंय काय त्यात?" आत्या म्हणाली. "एक गोळी तर सुटणार आहे."