बाळ येईपर्यंत त्याला आसन म्हणायचं

विणकामाला ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणणारा कुणी भेटला की मी त्याला दोन जाड सुया आणि लोकरीचा गुंडा देतो आणि सांगतो, एक वीत विणून दाखव, मग बोल. अजून कुणी दाखवलेलं नाही.

मी शिकलो तो बोलून फसल्यामुळे. तेव्हा आम्ही सिल्वासात टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. वडील कोकणातून बदलून आलेले, प्रशासनात कारकून. मी वापीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसलो होतो. म्हणजे घरच्यांच्या मते बसलो होतो. माझ्या मते मी चळवळीत होतो. आमचा पाच-सहा जणांचा गट होता आणि पत्रकं मी लिहायचो. पाण्यावर, कारखान्यांतल्या पाळ्यांवर, बुवाबाजीवर. त्या पावसाळ्यात मी एक लिहिलं, ‘घरकाम हे काम आहे, ते पुरुषांनीही करावं’. कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना वाटलंसुद्धा.

ताई बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिनं ते पत्रक पलंगावर बसून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “छान लिहिलंयस. आता लोकर आण.”

“कशाला?”

“बाळाला पांघरूण हवं. जाड. माझं सासर दिंडोरीकडे आहे, सिल्वासात नाही. तिकडे माघात पहाटे दात वाजतात. मीच विणलं असतं, पण माझ्या बोटांना मुंग्या येतात, सुई धरवत नाही. हात तुझे, डोकं माझं.”

“मला विणता येत नाही.”

“मला तरी जन्मतः कुठे येत होतं? पत्रकात लिहिलंयस ना, शिकवलं की कुणालाही येतं. तिसऱ्या परिच्छेदात.”

स्वतःचा तिसरा परिच्छेद कुणी असा तोंडावर मारला की माणूस काय करणार. वापीला गेलो. दुकानदार पोपटी लोकरीच्या लडी बांधता बांधता म्हणाला, “भाभी माटे?” म्हणजे वहिनीसाठी का. मी म्हणालो, “ना, मारा माटे.” माझ्यासाठी. त्यानं दोरी बांधायची थांबवली, माझ्याकडे बघितलं, आणि सुया मात्र न मागताच सगळ्यात जाड दिल्या.

घरी आल्यावर पहिला विरोध आईचा. मी विणण्याला नाही, विणण्याच्या वेळेला. मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, करायचं नाही, नाव काढायचं नाही. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी चालतात, ती आईनं शिवून ठेवलेली होती. नवी लोकर म्हणजे नशिबाला डिवचणं. मी लगेच आवाज चढवला. पत्रकाचा मजकूर माझ्या तोंडात तयारच असायचा.

आई शांतपणे म्हणाली, “ओरडू नकोस. तू काय विणतोयस?”

“बाळाचं ब्लँकेट.”

“नाही. तू आसन विणतोयस. देवापुढे बसायला. बाळ आलं की बघू त्याचं काय करायचं ते.”

“हा शुद्ध ढोंगीपणा आहे.”

ताई पलंगावरून म्हणाली, “आसन म्हण रे. तुझं काय जातं?”

माझं बरंच जात होतं असं मला तेव्हा वाटायचं. पण तिनं ते थट्टेच्या आवाजात सांगितलं नव्हतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते. त्या वर्षांत सासरी तिला कुणी काही बोललं नाही असं आई सगळ्यांना सांगते. कोण काय बोललं ते ताईनं मला सांगितलं आहे. तिला आता एकच हवं होतं. मूल धडधाकट यावं, आणि जर काही कमीजास्त झालंच तर ‘हिनं अमुक केलं म्हणून’ असं बोट ठेवायला कुणालाही जागा मिळू नये. म्हणून ती सगळं पाळत होती. विश्वास होता म्हणून नाही. मी आसन म्हणायला लागलो.

आता विणण्याबद्दल. मासिकांत विणकामाच्या कृती ज्या भाषेत छापतात तिच्यापुढे सरकारी परिपत्रक म्हणजे बडबडगीत. ‘२ सु., २ उ., शेवटपर्यंत’. कशाच्या शेवटपर्यंत? ताईनं मासिक बाजूला ठेवायला लावलं आणि तोंडी शिकवलं. लोकर दुहेरी घ्यायची म्हणजे वीण जाड होते. सहा टाके सुलट, सहा उलट, असं ओळभर. काही ओळी झाल्या की पालटायचं, सुलटवर उलट, उलटवर सुलट. मग एक चौकोन फुगून वर येतो, शेजारचा आत बसतो, आणि चटईसारखी वीण दिसायला लागते. बोट फिरवलं की उंचसखल लागतं. पहिला चौकोन वर आला तेव्हा मी तो वडिलांना दाखवायला नेला. त्यांनी पेपर खाली केला, म्हणाले, “चांगला आहे. पाठ सरळ ठेवून बसत जा,” आणि पेपर वर केला.

आठवड्यात माझं काम हातभर झालं आणि मी खूश होतो. ताईनं ते मांडीवर पसरलं.

“हे काय आहे?”

“आसन.”

“खाली अरुंद, वर रुंद. हे आसन नाही, परकर आहे.”

झालं असं होतं की दुहेरी लोकरीच्या एका टाक्याचे दोन धागे मी अधूनमधून दोन टाके समजून वेगवेगळे उचलत होतो. एकाचे दोन होत होते, आणि रुंदी वाढत होती. मी म्हणालो, वाढतंय म्हणजे प्रगतीच आहे, वरून थोडं आवळून घेऊ. ती म्हणाली, “उसव.” मी माझी बाजू मांडली. ती म्हणाली, “भाषण झालं की उसव.” उसवायला विणण्यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो, ह्यात काहीतरी मोठा अन्याय आहे असं माझं आजही मत आहे.

दुसऱ्यांदा मी ओट्यावर बसून विणायचो, कारण लपून करायचं असतं तर पत्रक कशाला लिहिलं. शेजारी धुळ्याकडचे एक काका राहायचे, सूत कारखान्यात पाळीवर. ते सायकल लावता लावता रोज विचारायचे, “काय करी राहिना भाऊ?” मी म्हणायचो, “आसन.” ते म्हणायचे, “देव लई मोठा दिसतो तुमचा. किती लांब करशाल?” एकदा त्यांच्या बायकोनं आतून आवाज दिला, “तो करतो तरी. तुम्ही तोंडच विणा.” त्या दिवसापासून काका नुसती घंटी वाजवून जायला लागले.

आणि मग दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. आमच्या गटाला हे म्हणजे घरी चालून आलेलं काम. आम्ही गुजराती-मराठी पत्रक काढलं, ग्रहणात जेवल्यानं काही होत नाही, गरोदर बाईनं भाजी चिरली, टाका घातला, तरी मुलाला काही होत नाही. मी सायकलवरून रांधा, खेरडीपर्यंत वाटून आलो. ग्रहणाच्या सकाळी मैदानात जमायचं, खास चष्म्यातून सूर्य बघायचा आणि सगळ्यांनी मिळून पोहे खायचे असं ठरलं.

गटातले सर मुंबईकडचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, “तुझी बहीण आठव्या महिन्यात आहे ना? तिला आण. तिनं लोकांसमोर दोन घास खाल्ले तर हजार पत्रकांचं काम होईल.”

युक्तिवाद बिनतोड होता. मी घरी येऊन ताईला विचारलं. विचारायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. माणसाला न विचारता त्याचं उत्तर गृहीत धरणं जास्त वाईट.

ती म्हणाली, “मला ग्रहणाची भीती वाटते असं वाटतं तुला?”

“नाही.”

“मग ऐक. मूल चांगलं झालं तर कुणी म्हणणार नाही की हिनं ग्रहणात पोहे खाल्ले, बघा, काही झालं नाही. पण त्याच्या अंगावर साधा तीळ निघाला तरी जन्मभर मला ऐकावं लागेल. तुझ्या सरांना नाही. तुझ्या पत्रकाला नाही. मला.”

हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. मी तसाच सरांकडे गेलो आणि सांगितलं, ती येणार नाही. ते म्हणाले, “मग आपण घरोघर सांगायचं कोणत्या तोंडानं?” मी म्हणालो, “जिच्या पोटात आहे तिनं ठरवायचं, हेही आपणच सांगतो ना?” थोडं वाजलं आमचं. नंतर मिटलंही.

ग्रहणाच्या सकाळी आईनं पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पानं टाकली आणि ताईला आतल्या खोलीत बसवलं. खाणं नाही, पाणी नाही, सुई नाही, कात्री नाही. पूर्वेच्या खिडकीवर आईनं आतून जाड पुठ्ठा ठोकला. रस्ते कर्फ्यूसारखे ओस पडले होते. मैदानात आम्ही, थोडी शाळकरी मुलं आणि दोन कुत्री. सूर्य चावलेल्या बिस्किटासारखा दिसला. झाडाखालचे कवडसे सगळे एकदम कोयत्याच्या आकाराचे झाले, आणि मी भाषण विसरून नुसता बघत राहिलो. मग ताईची आठवण आली. थोडे पोहे आमच्याच एका पत्रकात बांधले आणि घरी आलो.

आई स्वयंपाकघरात, आतल्या खोलीच्या दाराबाहेर, डोळे मिटून जप करत होती. डोळे न उघडता म्हणाली, “तिला शिवू नकोस.”

“नाही शिवत. नुसता बसतो.”

आतली खोली काळोखी. ताई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर माझं आसन, सुयांसकट. आई म्हणाली होती सुई नको, पण आसन तिथंच राहिलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी दार लोटलं.

“हे बघ,” ती हळूच म्हणाली.

आईनं पुठ्ठा ठोकताना एक खिळा चौकटीला चुकून नुसत्या पुठ्ठ्यातून आरपार गेला असावा. तो काढून तिनं दुसरा ठोकला होता. पहिल्याच्या भोकातून उन्हाची बारीक तिरीप येत होती, आणि पोपटी लोकरीवर, एका फुगीर चौकोनावर, कोर पडली होती. खरी, स्वच्छ, नखाएवढी. तिच्या पोटाला अगदी लागून. जे बाहेर ठेवायला आईनं खोली बंद केली होती, ते खोली बंद केल्यामुळेच आत दिसत होतं.

“हा सूर्य आहे?”

“हो. चष्म्यातून आत्ता अगदी असाच दिसत होता. नुसता उलटा.”

ती बराच वेळ बघत राहिली. कोर सावकाश सरकत होती. मग म्हणाली, “पोह्यांचा वास येतोय.”

मी पुडी पुढे केली. तिनं दाराकडे बघितलं आणि खाल्ले. सगळे. मी एक शब्द बोललो नाही. हे माझ्या बाबतीत नोंद घेण्यासारखं आहे. बोटं पुसून तिनं आसन उजेडाच्या तिरिपीत धरलं.

“इथं टाका निसटलाय तुझा. खाली चार ओळी गेलाय.”

“नंतर बघू.”

“नंतर अजून खाली जाईल.” तिनं सुई घेतली. बोटांना मुंग्या असताना, हळूहळू, सुटलेल्या धाग्यांच्या शिडीची एकेक दांडी चढवत तिनं तो टाका वर आणला आणि सुईवर बसवला. “पाळायचं ते बाहेरच्यांसाठी पाळलं,” ती म्हणाली. “हे माझं.” मग सुई माझ्याकडे दिली. “कुणाला सांगायचं नाही.”

मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक मिळालं होतं, आणि ते छापायचं नव्हतं. आता तिची हरकत नाही. लिही म्हणाली, फक्त नावं घालू नकोस.

थंडीत मुलगी झाली. वाटोळी, रागीट, अंगावर तीळसुद्धा नाही. बारशाच्या सकाळी आई स्वतः माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ते ब्लँकेट आण.” आसन हा शब्द त्यानंतर घरात कुणी काढला नाही. शेवटच्या ओळी अजून राहिल्या होत्या. त्या मी ताई निघायच्या आदल्या दिवशी, भाची रडत असताना, पायानं पाळणा हलवत पुऱ्या केल्या आणि टाके बंद केले. कडा सरळ आल्या. जवळपास सरळ.

सव्वा महिना झाल्यावर ताईच्या सासूबाई जीप घेऊन न्यायला आल्या. चहा झाला. त्यांनी ब्लँकेट हातात घेतलं, चौकोनांवरून बोट फिरवलं, उलटून पाठ बघितली. विणणाऱ्या बायका पाठच बघतात.

“कुणी विणलं?”

“मामानं,” ताई म्हणाली.

“पुरुषानं?” त्यांनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं. “नोकरी लागली का ह्याला?”

“अजून नाही,” मी म्हणालो.

“मग बरोबर.”

मी तोंड उघडलं होतं, पण त्या तोवर आईकडे वळल्या होत्या. “विहीणबाई, दिवाळीत ग्रहण आलं होतं. पाळलंत ना नीट?”

आई ताठ बसली. ह्या प्रश्नाची ती तीन महिने वाट बघत असावी. “घोटभर पाणी घेतलं नाही पोरीनं,” ती म्हणाली. “सुईला हात लावला नाही. मी दाराबाहेर बसून होते.”

सासूबाईंनी मान हलवली. पोरीकडे बघितलं, तिचे कान, बोटं, ओठ सगळं पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. “म्हणून अशी झाली,” त्या म्हणाल्या. “सोन्यासारखी.”

माझ्या जिभेवर काय काय आलं ते इथं लिहीत नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती शाल नीट करत होती, आणि तिचा चेहरा इतका निवांत होता की तसा मी त्या आधीच्या कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. आता तिला कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

“पेठच्या घाटात गार लागेल,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच पोरीला त्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, डोक्यावरून, पायाखालून, घट्ट. मग ती ताईच्या हातात दिली. मी बाहेर गेलो आणि ड्रायव्हरला चाकांतल्या हवेबद्दल काहीतरी विचारत उभा राहिलो.