मास्टरचे सात ठोके

मास्टर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला की माझे अक्षर बिघडत असे. त्याची उजवी टाच फरशीवर अखंड आपटत असायची. तिचा हादरा बाकातून टेबलात आणि टेबलातून माझ्या पेनात शिरायचा. सुरतेच्या कचेरीच्या आवारात मी अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले तरी माझे वळण पाहून नवे कारकून आपले अक्षर सुधारतात, असे मी नव्हे, कारकूनच सांगतात. अशा अक्षराला धक्का लावणारा मनुष्य मी सहसा बाकावर बसू देत नाही. परंतु "मास्टर, पाय आवरा," असे म्हटले की तो पायाकडे परक्यासारखा पाहत म्हणे, "नाना, मी काय करू? हाऊ पाय मना आईकतच नही." अन् टाच पुन्हा सुरू.

तो मूळचा अमळनेरकडचा, आणि सुरतेतल्या पांडेसरा भागातल्या एका शेडमध्ये पॉवरलूमचा मास्टर, म्हणजे माग बिघडला की तो नीट करणारा. साठ माग एकदम धडधडत असताना हा दारात उभा राहून सांगे, "तिसऱ्या ओळीतला चौथा लूम लंगडतोय." कारागीर जाऊन पाहत, तर खरोखरच एखादा बोल्ट ढिला झालेला असे. त्याची सारी किंमत त्याच्या कानांत होती. आणि तेच कान चालले होते. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले होते की डावा संपला आहे, उजवाही फार दिवस टिकणार नाही. ही गोष्ट शेडच्या शेठला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, कारण एका दुपारी मास्टरने ती माझ्या टेबलावर येऊन सांगितली.

मला वाटले, नुकसानभरपाईचा अर्ज. मी कार्बन लावून कागद सरळ केला. मास्टरने पिशवीतून वेगळाच कागद काढला. साड्यांचे नक्षीकाम ज्यावर काढतात तो चौकटींचा कागद, दर आठ घरांनंतर ठळक रेघ असलेला. "अर्ज नको, नाना. मना ठोका लिखी द्या."

ठोका म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. मास्टर गिटार वाजवीत असे. साधी नव्हे, विजेवरची. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्रातून त्याने ती आणली होती. तिच्या जाड तारांवर चार-पाच सुरांचा एक तुकडा तो पुन्हा पुन्हा हाणायचा. त्याचा भाचा किशोर त्याला रिफ म्हणे, आणि या सगळ्या प्रकाराला हेवी मेटल. मास्टरला ती नावे नको होती; तो त्या तुकड्याला ठोकाच म्हणे. हे संगीत त्याला भेटले ते लेबल गळून पडलेल्या एका कॅसेटवर. वाजवणारे कोण, कुठले, हे त्याने कधी विचारले नाही. "कोणं का असेना. त्यास्नी आपली शेड आईकेल शे, एवढं नक्की," तो म्हणाला.

मी परभणीकडचा असल्याने भजनापलीकडचा मोठा आवाज मला मानवत नाही. तरी त्याच्या खोलीवर गेलो. जुन्या रेडिओच्या स्पीकरचा कागद त्याने ब्लेडने चिरून ठेवला होता, जेणेकरून सूर फाटून बाहेर यावा. सर्वांत जाड तार त्याने इतकी सैल केली होती की बोट लागताच ती गुरगुरे. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून तो आवाज दाबी, मध्येच सोडून देई, पुन्हा दाबी. भिंतीवरची ताटे थरथरत. मास्टरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "लूमले तरी बंद कराले बटन ऱ्हास, भाऊ. यास्ले तेबी नही."

मास्टर बेचैन होता तो एका गोष्टीपायी. असे एकोणीस ठोके त्याच्या हातांत होते, पण ते त्याने कधी दुसऱ्याच्या हातून ऐकले नव्हते. "मी वाजाडस तव्हय माले मना हातच आईकू येस. ते आपल्या पायवर उभं ऱ्हास का नही, ते कसं समजी? कान शेतस तोवर एकदाव दुसऱ्यानी वाजाडाले पाहिजे, आन् मी समोर बसाले पाहिजे." किशोर आणि त्याचे दोन मित्र रंगकामाच्या कारखान्यात होते. ते वाजवायला तयार होते, परंतु त्यांच्या पाळ्या आणि मास्टरची पाळी जुळत नसे, त्यामुळे रोज समोर बसून शिकणे शक्य नव्हते. कागदावाचून इलाज नव्हता, आणि कागद म्हटला की माणसे माझ्याकडे येतात.

मग आठवड्याच्या दर सुट्टीला आम्ही बसू लागलो. मास्टर वाजवी, मी चौकटी भरी. मास्टर अख्ख्या तुकड्यालाही ठोका म्हणे आणि तारेवरच्या एका आघातालाही; एक घर म्हणजे असा एक आघात. घरात तारेचा आकडा, त्याखाली गिटारच्या दांडीवरच्या पट्टीचा आकडा, तळहाताने दाबलेल्या ठोक्याला काळा ठिपका. ही पद्धत सर्वस्वी माझी, हे येथे नमूद करतो. मास्टरला ती लगेच वाचता आली, कारण नक्षीचे कागद त्याने जन्मभर पाहिले होते. पण तो एका जागी बसत नसे. दोन ओळी झाल्या की उठे, दारात जाई, पुन्हा येई, म्हणे, "मांगलं खोडा." मी खोडत नसे. मी म्हणे, "विचार करून सांगा, मास्टर. मी एकदाच लिहितो." त्यावर तो हसे. "तुमनं एक शे नाना, तुमी माणूसले बी नीट करी लिखतात. हाई जसं शे तसं लिखा."

मी मान डोलावली. परंतु माझ्या धंद्याचा पहिला धडाच असा की अर्जदार बोलतो ते अर्धवट असते. लेखकाने ते पुरे करायचे असते. एकोणिसावा ठोका त्याने सर्वांत शेवटी सांगितला. तो त्याचा लाडका होता. तो मी उतरवला तेव्हा दर ओळीत सातच घरे भरली, आठवे घर ठळक रेघेला लागून मोकळे राहिले. मास्टर त्या वेळी दारात बिडी ओढीत उभा होता. मला वाटले, गडबडीत एक सांगायचे विसरला. मी सातवा ठोका आठव्या घरात पुन्हा लिहून ओळी पुऱ्या केल्या. कागद फार सुरेख दिसू लागला.

तो चौऱ्याण्णव सालचा ऑगस्ट. पुढच्या महिन्यात प्लेगच्या भीतीने अर्धी सुरत गावाकडे पळाली. मास्टरही वहिनींना घेऊन गेला, तो तापाने तिकडेच अडकला. किशोर आणि त्याचे मित्र आधी परतले आणि माझ्या कागदांवरून रोज सराव करू लागले. मास्टर आला दिवाळीनंतर. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे तेव्हा त्याला अर्धे कळे.

सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये माग बंद असताना मंडळी जमली. मास्टर स्पीकरच्या खोक्याला कान लावून बसला. अठरा ठोके झाले. त्याचा चेहरा असा मोकळा झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. वहिनी पदराआड हसत होत्या. एकोणिसावा सुरू झाला आणि मास्टर ताडकन उठला.

"थांबा! हाई मनं नही."

"मामा, कागदवरच शे," किशोर घाबरून म्हणाला. "पहा ना, आठ."

मास्टरने कागद घेतला. बोटाने घरे मोजली. माझे अक्षर ओळखायला त्याला कान लागत नव्हते.

"नाना?"

"घर मोकळे दिसले," मी ओरडून सांगितले, "म्हणून भरले."

तो रागावेल अशी माझी तयारी होती. तो अगदी हळू बोलला. "मोकळं नव्हतं, नाना. पुढची ओळ तठे लवकर येस. पायरी शे समजी माणूस पाय टाकस, आन् पायरी नही. तठेच तर पडानं व्हतं."

त्याने त्यांना सात वाजवायला लावले. किशोरचा हात दर वेळी आठवा ठोका मारून मोकळा होई. महिनाभर तो तसाच घोटला होता. वीस वेळा झाले, तीस वेळा झाले. शेवटी किशोर रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, हात सरळ व्हई गया. आते तो वाकत नही." मास्टरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गिटार पिशवीत घातली.

त्या हिवाळ्यात मी स्वस्थ बसलो नाही. नवा कागद लिहिला, आठवे घर कोरे ठेवले. दर सुट्टीला शेडवर जाऊन पट्टी आपटत मोठ्याने मोजू लागलो: एक, दोन, तीन, असे सातपर्यंत, आणि लगेच पुन्हा एक. किशोर चुकला की मला घाम फुटे. कचेरीत अर्जदार बोलत असताना मी मनात सात मोजत असे, आणि दोघांची नावे त्यापायी चुकलो. इकडे मास्टरला बिघडलेला माग ऐकू आला नाही, कापड वाया गेले. शेठ भला माणूस, खांद्यावर हात ठेवून एवढेच म्हणाला, "मास्टर, हवे आराम करो," म्हणजे आता घरी बसा. मास्टरला तेही ऐकू आले नाही, मी कागदावर लिहून दाखवले. या वेळी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात त्याने गावी जायचे ठरवले. सामान बांधून झाले होते. किशोर धावत माझ्या टेबलाशी आला, "नाना, ठोका हातमा बसना! तीनदाव बसना!" आम्ही दुपारी मास्टरला शेडवर नेले.

त्यांनी वाजवले. सात, आणि लगेच पुढची ओळ. कुठेही चूक नव्हती. मास्टरने खोक्यावर तळवा ठेवला होता, पण खोके अखंड सारखेच धडधडत होते, त्यावरून सात की आठ ते त्याला कळत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी जोरजोराने मान हलवली. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "तुमना होकारवर मना भरोसा नही, नाना!" पोरे वाजवता वाजवता हसली.

मग त्याने खोक्यावरचा हात काढला आणि किशोरकडे पाठ करून माझ्यासमोर येऊन बसला. ते वाजवीत राहिले. तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. मला आठवा ठोका मनातून काढता आला नव्हता; सात झाले की मी अजूनही पुढे झुकत होतो आणि काही न सापडून दचकत होतो. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"दर खेपले पडतात तुमी," मास्टर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "मंग बरोबर शे."

आणि मागे न वळताच त्याने हात वर करून पोरांना खूण केली: अजून.